एका हातासाठी बटणं करणारा

सन २०२३. माझं वय बहात्तर, उजवा हात कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत गेलेला. लेकीला मेसेज लिहायचा तर सुनेच्या तोंडाकडं बघायचं, याचाच लई संताप.

वरच्या मजल्यावरचा टकला इंजिनिअर एका हातानं चालतील अशी मोबाइलच्या पडद्यावरची बटणं बनवतो. बोलताना तोंडाकडं नाय, माझ्या अंगठ्याकडं बघतो.

एक दिवस त्यानं ती बटणं माझ्या मोबाइलात घातली. दाबून बघताना मोबाइल पडला. सून धावली. त्यानं तिला अडवलं आणि मी कसा उचलतो ते बघत बसला.

"मी काय तमाशा हाय का रं?"

"शिव्या द्या आबा. पण लांबच्या बटणाला अंगठा ताणला की पकड सुटती. ते जवळ आणतो."

माफी नाय, कीव बी नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एकटा जिना चढलो. हातात मोबाइल होता, म्हणून त्याचं दार लाथेनं वाजवलं.