काळ्या दोऱ्याचे गोळे

तोक्योच्या पूर्वेला, नदीकाठच्या गल्ल्यांमध्ये मित्सुए हानावा या बाईबद्दल सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. तिच्याकडून नेच्याचा गोळा घेतला तर तो घरात टांगायला ती स्वतः येणार. ‘नुसता द्या, आम्ही टांगू,’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ नाही म्हणायची. आली की आधी घर बघायची. उजेड कुठून येतो, वारा कसा फिरतो, चटई कुठं जास्त झिजली आहे. मग खोलीच्या मधोमध बराच वेळ गप्प उभी राहायची. लोक म्हणायचे, बाई कामात चोख. ती कान देऊन उभी असते हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

ती मूळची समुद्राकाठची, शिंपल्या वेचणाऱ्यांच्या गावातली. विसाव्या वर्षी लग्न होऊन हानावांच्या घरात आली. घर म्हणजे पुढं काम करायची ओसरी आणि मागं दोन खोल्या. सासरा तोराकिची आणि नवरा एइसाकु दोघं मिळून शिनोबूचे गोळे बनवायचे. बांबूच्या सांगाड्यावर ओलं शेवाळ थापायचं, त्यावर शिनोबू नेच्याची केसाळ मुळं ठेवून तांब्याच्या तारेनं घट्ट आवळायची. वसंतात त्यातून कोवळी पानं फुटतात आणि उन्हाळ्यात तो गोळा हिरव्यागार झुंबरासारखा लटकतो. कुणी वळचणीला टांगायचं, कुणी आत खिडकीपाशी. खाली काचेची छोटी घंटा बांधली की नुसतं बघूनच गार वाटायचं. शिनोबू म्हणजे सोसणं, आणि शिनोबू म्हणजे गेलेल्याची आठवण काढणंही. विसाव्या वर्षी मित्सुएला या दोन्हींशी काही देणंघेणं नव्हतं.

एइसाकु कमी बोलायचा. त्याची एक सवय मात्र तिला भारी मजेशीर वाटायची. बाहेरून आला की तो दाराशी थांबून दोनदा घसा खाकरायचा, जरा वेळ जाऊ द्यायचा आणि मग दार सरकवायचा. पाऊस असो, बर्फ असो, यात कधी खंड नाही.

“स्वतःच्या घरात शिरायला एवढी वर्दी कशाला?” ती विचारायची. “मी काय आत चोर लपवलेत?”

तो हसायचा आणि चपला नीट लावून ठेवायचा.

मुळं डोंगरातून आणावी लागत. हिवाळा सरत आला की नेच्याची पानं झडलेली असतात. तेव्हा कड्यांच्या कपारींतून, जुन्या झाडांच्या बेचक्यांतून ती खरवडून काढायची. एकोणीसशे सत्तावन्नच्या फेब्रुवारीत एइसाकु नेहमीप्रमाणे मोसुके नावाच्या जोडीदाराबरोबर गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं टोपली भरली, दोरानं खाली सोडली आणि स्वतः उतरायला लागला तेव्हा पायाखालचा गोठलेला दगड सुटला. मोसुकेनं मालट्रकमधून त्याला घरी आणलं. सोबत टोपलीही आणली. तिच्यातलं एकसुद्धा मूळ सांडलं नव्हतं.

अंत्यविधी झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तोराकिचीनं टोपली ओढून पुढ्यात घेतली.

“वाळतील,” तो म्हणाला. “सूनबाई, समोर बस.”

दोघं दिवसभर मुळं बांधत बसले. दुपारनंतर तार संपली. मित्सुएनं चारच दिवसांपूर्वी शोकाच्या पोशाखाची कड ज्या जाड काळ्या दोऱ्यानं शिवली होती, त्याचं रीळ आणलं आणि उरलेली मुळं त्यानं आवळली. काळ्या दोऱ्याचे एकूण एकवीस गोळे झाले. तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही. अंत्यविधीतही आला नव्हता. शेजारणी कुजबुजल्या, दगडाच्या काळजाची आहे. ती स्वतःही रडू येईल म्हणून वाट बघत होती. पण ते आलंच नाही.

त्यातला एक गोळा आपल्यापाशी ठेवायचा असं तिनं मनाशी धरलं होतं. पण बोलून दाखवलं नव्हतं. जूनमध्ये आई आजारी म्हणून ती आठ दिवस माहेरी गेली. परत आली तर सासऱ्यानं हातगाडी घेऊन सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या आणि एकवीसही गोळे विकले गेले होते. तिनं रिकामी हातगाडी भिंतीला उभी केली. काय बोलणार?

पितर घरी येऊन परत जातात ते ओबोनचे दिवस उलटले, आणि तांदळाच्या पापड्या भाजणाऱ्या दुकानातली ओरिए हातात फडक्यात बांधलेला गोळा घेऊन आली. तिनं तो ओसरीवर हळूच ठेवला.

“हानावाबाई, हा परत घ्या. झाडाबद्दल तक्रार नाही. चांगलं वाढलंय. पण टांगल्यापासून घरी कुणीतरी येतं.”

“कुणीतरी म्हणजे?”

“दिसत नाही हो. दुपारी मी मागच्या खोलीत एकटी असते. दाराबाहेर कुणी पुरुषमाणूस घसा खाकरतं. दोनदा. गिऱ्हाईक आलं वाटून मी उठते, तर गल्ली रिकामी.”

मित्सुएनं फडकं सोडलं. हिरव्या पानांखाली काळा दोरा होता. एइसाकुच्या सवयीबद्दल तिनं बाहेर कधी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. पैसे परत देऊन तिनं ओरिएला निरोप दिला आणि गोळा मागच्या खोलीत, आपण झोपतो त्या खिडकीत टांगला. त्याच्याखाली बसून ती रोज ऐकत राहिली. आठवडा गेला, महिना गेला. पाणी ठिबकायचं, घंटा किणकिणायची. दाराबाहेर कुणी खाकरलं नाही.

मग तिनं बाकीचे गोळे शोधायला सुरुवात केली. शेवाळ बदलून देते, मुळं तपासून देते असं सांगून ती घरोघरी जाऊ लागली. काळा दोरा दिसला की मन घट्ट करून सहज विचारल्यासारखं विचारायची, घरात सगळं बरं आहे ना? बहुतेक जण हो म्हणायचे. पण तीन ठिकाणी लोक घुटमळले. एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं की कधीकधी दाराशी कुणी आल्यासारखं वाटतं, वयाचा परिणाम असेल. एका नव्या नवरीनं आधी सासूला बाहेर पाठवलं, मग तेच कानात सांगितलं. आणि न्हावी गेनपेइ तर चिडलाच.

“तुमच्या त्या झुडपाला पडसं झालंय का, बाई? रोज माझ्या दारात खाकरतंय!”

प्रत्येक घरात मित्सुए खोलीच्या मधोमध उभी राहून ऐकायची. तिला कुठंच, काहीच ऐकू आलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. जुनी घरं पडली, सिमेंटच्या इमारती आल्या. त्यांना ना वळचण ना अंगण, तेव्हा लोक झाडं घरातच टांगू लागले. कुणाला बैठकीत हवं, कुणाला जेवणाच्या मेजावर, कुणाला न्हाणीघराच्या खिडकीत. घराघरांत वावरून मित्सुएची नजर तयार झालीच होती. ती दोन उंचींवर दोन गोळे असे लावायची की छोटीशी खोलीसुद्धा झाडाखाली बसल्यासारखी वाटावी. लांबून बोलावणी यायला लागली. घरच्या खिडकीतल्या गोळ्याची मुळं दरवर्षी वाढायची. ती छाटून तिनं नव्या गोळ्यांत बांधायला सुरुवात केली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

एका उन्हाळ्यात ती तो गोळा बादलीत बुडवत होती. कोरडा गोळा पाण्यात दाबला की बुडबुडे येतात, ते थांबले की काढायचा. त्या दिवशी ते थांबले तरी तिनं काढला नाही. दोन्ही हातांनी खाली दाबून धरला.

“परक्यांच्या दारात जातोस,” ती दातांवर दात ठेवून म्हणाली. “माझं दार तेवढं सापडत नाही का तुला?”

आपण काय करतो आहोत हे कळलं तसा तिनं घाईघाईनं गोळा बाहेर काढला आणि कितीतरी वेळ छातीशी धरून बसली. कपडे भिजले तरी तिला कळलं नाही.

अडुसष्टच्या शरदात तोराकिचीनं अंथरूण धरलं. न्हाव्यानं त्याला काहीबाही सांगितलं होतं. एका सकाळी पेज भरवत असताना त्यानं तिला विचारलं, लोकांच्या घरात जाऊन तू काय ऐकत असतेस? मित्सुएनं वाटी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. झोपला की काय असं तिला वाटलं.

“एइसाकु नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली,” तो म्हणाला. “मी काम टाकून या खोलीत यायचो आणि रडत बसायचो. एकदा पोरानं दार सरकवलं आणि मला बघितलं. मी त्याच्यावर ओरडलो. लाज वाटली म्हणून ओरडलो. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेर उभा राहून खाकरायला लागला. दोनदा. मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून.”

मग त्यानं डोळे उघडले.

“ती पापडीवाली दुपारी एकटी बसून काय करत होती, विचारलंस तिला?”

विचारलं नव्हतं. त्याच दिवशी ती ओरिएच्या दुकानात गेली. ओरिए भट्टीसमोर पापड्या उलटत होती. प्रश्न ऐकून तिचा हात तसाच राहिला. त्या वर्षी वसंतात तिची तान्ही मुलगी गेली होती. रोज दुपारी ती मागच्या खोलीत त्या पोरीचे कपडे काढून पुन्हा घडी घालत बसायची. नवऱ्यालासुद्धा हे माहीत नव्हतं. न्हाव्याला विचारायची गरजच नव्हती. त्याची बायको त्याच उन्हाळ्यात निघून गेली होती, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

परतताना मित्सुए पुलावर थांबली. अकरा वर्षं आपल्या दारात कुणी खाकरलं नाही ते का, हे तिला आता कळलं होतं. आणि तरीही रडू येत नव्हतं. रडायचं म्हणून कुणाला रडता येतं का?

तोराकिची जानेवारीत गेला. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मित्सुए स्वयंपाकघरात त्याचा चहाचा कप धूत होती. आतल्या बाजूला चहाचा तपकिरी डाग होता. म्हातारा तो कधी घासू द्यायचा नाही, डागानं चहाला चव येते म्हणायचा. तिनं बोटानं डाग चोळला, तो निघाला, आणि आपण काय केलं असं वाटून तिला एकाएकी हुंदका फुटला. आधी म्हाताऱ्यासाठी. मग पुढं कशासाठी ते तिलाच सांगता आलं नसतं. ती जमिनीवर बसली, गुडघ्यांत तोंड खुपसून, आवाज न आवरता रडली. टोपलीतली मुळं, गोठलेला कडा, नीट लावलेल्या चपला, सगळं एकदम आलं.

दाराबाहेर कुणीतरी घसा खाकरला. दोनदा.

मित्सुए थिजली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी परक्या घरांत उभी राहिली, ते आता चार हातांवर होतं, एका पातळ दाराच्या पलीकडं. उठावं, दार सरकवावं एवढंच करायचं होतं. तिला उठता आलं नाही. तिला भीती वाटत होती, अगदी लहान मुलीसारखी. मग हात आपोआप वर गेला आणि तिनं ओल्या बाहीनं डोळे पुसले. आधी एक, मग दुसरा. केस सारखे केले.

“पुसले,” ती हळूच म्हणाली.

दार सरकलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं ते उघडलं तेव्हा गल्लीत कुणाचे तरी वाळत घातलेले मोजे वाऱ्यावर हलत होते आणि लांबून तोफूवाल्याचा कर्णा ऐकू येत होता.

उरलेले गोळे शोधायचं तिनं त्यानंतर सोडून दिलं. पुन्हा कधी काही ऐकू आलं का, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या कामात मात्र एक बदल झाला. घर बघून झालं की ती गिऱ्हाइकाला एक नवा प्रश्न विचारायची.

वयाची पन्नाशी उलटल्यावर एकदा ती एका नव्या वसाहतीत आठव्या मजल्यावर गेली होती. घरात चिगुसा नावाची तरुण बाई होती. घर आरशासारखं लख्ख, गाद्या जागच्या जागी. चिगुसाला गोळा बैठकीत, दाराच्या अगदी समोर हवा होता. नवऱ्याचे साहेब यायचे होते, त्यांना दिसायला हवा.

“लावू की,” मित्सुए म्हणाली. “पण आधी मला सांग, घरात कुणी नसताना तू कुठं बसतेस?”

चिगुसाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. मग तिनं नुसती मान वळवली. स्वयंपाकघराच्या टोकाला, कपडे धुण्याच्या यंत्राच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत एक बुटकं स्टूल होतं. त्याच्यावर उशी नव्हती. भिंतीला डोकं टेकून टेकून रंग तेवढ्यापुरता तेलकट झाला होता.

मित्सुएनं पिशवीतून आकडा काढला, त्या स्टुलावर उभी राहिली आणि छताला भोक पाडू लागली. भुकटी खाली पडत होती. चिगुसा दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती. गोळा टांगून झाल्यावर मित्सुएनं तिला पाणी कसं द्यायचं ते दाखवलं. बादलीत पुरता बुडवायचा, बुडबुडे थांबले की लगेच काढायचा, जास्त वेळ दाबून धरायचा नाही.

“आणि हे बघ,” चपला घालताना ती म्हणाली, “कधी दाराशी कुणी आल्यासारखं वाटलं तर उठू नकोस. घाबरू पण नकोस. तो आत येत नाही.”

चिगुसानं कोण, असं विचारलं नाही. तिनं वाकून नमस्कार केला आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.