उजवा कोपरा

आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून मी प्रिंट मारला आणि काउंटरवर ठेवला. सुमनबाईंनी तो उचलला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि पालथा घातला.

"हा नाई जी माहा भाऊ," त्या म्हणाल्या. "हा तं पोलिसानं धरून आणल्यावानी दिसते."

खोटं नव्हतं. आधारच्या कॅमेऱ्यापुढे भलेभले चोर दिसतात. त्यात फोटो लहान. लहान फोटो ताणून मोठा केला की चेहऱ्याचे चौकोनी ठिपके होतात. आम्ही त्याला पिक्सल फाटणं म्हणतो.

गडचिरोलीत माझं फोटो प्रिंटिंग आणि फ्रेमिंगचं दुकान आहे. फोटो आमचे हे काढायचे, प्रिंट आणि फ्रेम माझ्याकडे. हे गेल्यावर स्टुडिओ बंद केला आणि माझा अर्धा धंदा चालू ठेवला. हल्ली निम्मं काम हार घालायच्या फोटोंचं असतं. माणूस गेला की घरचे मोबाइल घेऊन येतात. लग्नातल्या पंगतीतून, बारशाच्या गर्दीतून मी त्याला एकट्याला बाहेर काढते, मागे निळं आकाश लावते आणि फ्रेम करून देते.

पण सुमनबाईंच्या भावाला, सुधाकर निकुरेला, बाहेर काढायला गर्दीच नव्हती. लग्न नाही, मूलबाळ नाही. एका ऑफिसात कारकून, भाड्याच्या खोलीत एकटा. दूधवाल्याने दोनदा दार वाजवलं, तिसऱ्यांदा शेजाऱ्याला बोलावलं, तेव्हा कळलं. झोपेतच गेला होता. बहीण धानोऱ्याकडची, धानाची शेती करणारी. तेरवी परवावर आलेली, आणि घरात भावाचा एकही फोटो नाही. दुपारच्या एसटीने तिला परत जायचं होतं.

"त्याचा मोबाइल?"

"उघडत नाई. हा कॅमेरा आनला." त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. मी कार्ड लावून पाहिलं. आठवडी बाजार, बसस्टँड, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, पानठेल्यावरचं कुत्रं. सगळं गाव होतं, तो नव्हता. कॅमेरा ज्याच्या हातात, तो फोटोत कसा येणार?

"तुमच्या मंडळात एवढे फोटूवाले," सुमनबाई म्हणाल्या. "एकापाशी तरी असन नं."

मलाही तसंच वाटलं होतं.

हे मंडळ म्हणजे हौशी फोटोग्राफरांचं. डॉक्टर, मास्तर, दुकानदार, रिटायर्ड इंजिनिअर. महिन्यातून एका रविवारी दुकानाच्या वर माझं घर आहे, तिथल्या हॉलमध्ये जमतात. प्रत्येकाने एक फोटो आणायचा. तो पडद्यावर दाखवायचा, पण कोणाचा ते सांगायचं नाही. सगळ्यांनी चिठ्ठीवर दहापैकी मार्क द्यायचे, मग एकेकाने दोष काढायचे. आणि ज्याचा फोटो असेल त्याने तोवर गप्प बसायचं. लोक आपल्या फोटोची चिरफाड कशी ऐकतात ते पाहण्यासारखं असतं. चेहरा असा ठेवतात, जणू दाढ काढून घेताहेत पण दुखत मात्र नाही.

त्यांची सगळ्यात आवडती शिवी म्हणजे डिस्ट्रॅक्शन. फोटो बहुतेक वाघांचे, आणि वाघावरून नजर हलवणारं जे काही असेल ते डिस्ट्रॅक्शन. काडी आली, डिस्ट्रॅक्शन. सफारीच्या जिप्सीचं चाक आलं, डिस्ट्रॅक्शन. आणि माणूस आला, तर विचारूच नका. बॅकग्राउंड क्लीन पाहिजे. ताडोब्याच्या वाघाच्या अंगावरचे पट्टे मला एव्हाना तोंडपाठ झालेत, पण त्या जंगलात माणसंही राहतात हे या मंडळींच्या फोटोंवरून कोणाला कळणार नाही.

निकुरेही याच मंडळात, पण त्याच्याकडे लांबची लेन्स नव्हती. त्याच्या फोटोंत माणसंच माणसं. चार मार्क, फार तर पाच. आणि तो स्वतः मात्र सगळ्यांना सात द्यायचा. वाघाला सात, धुकट फोटोला सात, हललेल्या फोटोलाही सात. 'निकुरेचे सात' ही मंडळातली थट्टाच होती. एकदा मी विचारलं, "सगळ्यांना सातच काऊन?"

"पहाटे उठून गेला असन नं तो, वैनी," तो म्हणाला होता. "थंडीत."

रविवारी तो सगळ्यांच्या आधी यायचा, खुर्च्या मांडायचा, आणि सगळे गेल्यावर चहाचे कप विसळून जायचा. माझ्या घरात महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणाच्या हातून भांड्यांचा आवाज यायचा. तो मला हवासा वाटायचा, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंही नव्हतं.

मी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: निकुरेंचा फोटो कोणाकडे असेल तर लगेच पाठवा, बहीण दुकानात बसली आहे. आधी हात जोडलेले आले. मग 'मोठी हानी' आली. एकाने मावळत्या सूर्याचा फोटो श्रद्धांजली म्हणून पाठवला, कोपऱ्यात स्वतःच्या नावासकट. मग हळूहळू फोटो यायला लागले. एकात निकुरेचं कोपर होतं. एकात जिप्सीच्या मागच्या सीटवर त्याची टोपी. सहलींचे ग्रुप फोटो होते ढीगभर, पण ते सगळे त्यानेच काढलेले. बाकीच्यांना सगळ्यांची डोकी एका फ्रेममध्ये बसवायचा कंटाळा यायचा.

मंडळाचे अध्यक्ष देशकर साहेब, रिटायर्ड इंजिनिअर. त्यांचा फोन आला. "वैनी, माझ्याकडे तीन हार्ड डिस्क भरल्या आहेत. पण माणसांचे मी ठेवत नाही हो. डिलीट करतो."

सुमनबाई समोरच होत्या. फोन स्पीकरवर नव्हता, तरी त्यांना कळलं असावं. त्या पालथा घातलेला प्रिंट सरळ करायला लागल्या.

"जाऊ द्या," म्हणाल्या. "हाच द्या. गावातल्या लोकाईले मालूम हाय तो कसा दिसे ते."

तेवढ्यात फारूकभाई आले. त्यांचं बाजारात स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि मंडळात निकुरेशी खरी उठबस असलेले तेवढे एकच. मेसेज वाचून शटर ओढूनच आले होते.

"तळ्याचा फोटो आठवते का, वैनी?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. "त्याच्यात होता तो."

मला आठवला. दोघं एका हिवाळ्यात फारूकभाईंच्या स्कूटरवर पहाटे तळ्यावर गेले होते. धुकं, कमळं, मासे धरणाऱ्या ढिवराचा डोंगा आणि मागे उगवता सूर्य. खाली उजव्या कोपऱ्यात निकुरे थर्मास घेऊन उकिडवा बसलेला. फोटो मंडळात दाखवला तेव्हा त्याला पाच मार्क मिळाले. देशकर साहेब म्हणाले, "हा उजवा कोपरा सगळा फोटो खाऊन राहिलाय." कोणीतरी म्हणालं, "कोण आहे तो?" आणि निकुरे आपल्या खुर्चीतून म्हणाला, "मीच हाव जी. काढून टाका मले." हॉल हसला. तोही हसला. पुढच्या महिन्यात फारूकभाईंनी तोच फोटो कोपरा कापून आणला आणि त्याला नऊ मिळाले.

"मग ओरिजिनल?"

"डिस्कच उडाली नं." फारूकभाई खुर्चीवर बसले. "कापलेला मोबाइलमधी हाय. सूरज हाय, कमल हाय, डोंगा हाय. तोच नाई."

माझ्या कॉम्प्युटरवर तरी? नाही. काम दिलं की मी फाइल उडवते, नाहीतर मशीन रेंगाळतं.  

मग माझी नजर जिन्याकडे गेली, आणि मला माझंच काम आठवलं. नऊ मार्कांचा तो फोटो मंडळाने मोठा करून हॉलमध्ये लावला होता. कॅनव्हासवर. आणि कॅनव्हास मी केला होता.

कॅनव्हास म्हणजे जाडं कापड. त्यावर फोटो छापायचा, लाकडी चौकटीवर ताणायचा, आणि कडा मागे दुमडून पिना ठोकायच्या. दुमडायला चारही बाजूंनी कापड जास्तीचं लागतं, आणि त्या जास्तीच्या कापडावरही फोटो असावा लागतो. नाहीतर बाजूने पांढरी पट्टी दिसते. फारूकभाई तेव्हा कापलेली फाइल घेऊन आले होते. मीच म्हटलं होतं, "कापू नका. अख्खा द्या. तो कोपरा मागे दुमडून जाईल."

"वर चला," मी म्हटलं. "आणि पक्कड आणा ती."

फोटो भिंतीवरून उतरवला आणि टेबलावर पालथा ठेवला. मागे दुमडलेल्या कापडावर धुळीचा जाड थर आणि पालीची अंडी. मी उजव्या बाजूच्या पिना उपटायला लागले. माझ्या पिना निघत नाहीत, चांगल्या ठोकलेल्या असतात. त्या दिवशी माझ्याच चांगल्या कामाचा मला राग आला. शेवटी कापड सुटलं. मी ते हळूहळू उलगडलं आणि पुसलं.

तो होता. पाय कोपऱ्याच्या घडीत चुरगळलेले. एक पिन थेट खांद्यातून गेलेली. पण चेहरा चौकटीच्या मागे सपाट राहिला होता, रंगही उडाला नव्हता. उजेडच लागला नव्हता ना. अंगठ्याएवढा चेहरा, कानटोपी, आणि तोंडभर हसू. आम्ही रविवारमागून रविवार त्या भिंतीखाली बसून चहा प्यायलो, मार्क दिले, आणि हा मागे भिंतीकडे तोंड करून हसत होता. 

सुमनबाई वाकल्या. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं वरून फिरवलं.

"असाच हासे," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ पाहत राहिल्या. "दोन कप काऊन जी याच्या हातात?"

मी पाहिलं. दोन हातांत दोन कप होते, वाफ निघत असलेले. एक स्वतःकडे धरलेला आणि एक पुढे केलेला, थेट कॅमेऱ्याकडे.

"कोनाले देऊन राह्यला चहा?"

फारूकभाईंनी चष्मा काढला. "मले," ते म्हणाले. "म्या नाई घेतला. सूरज वर येऊन राह्यला होता. म्हटलं, बाजू हो भाऊ, लाईट चालला. मंग थंडा झाला तो, फेकून देल्ला त्यानं."



पुढचं काम धंद्याचं. आमच्या यांची जवळून फोटो काढायची लेन्स कपाटात होती, ती काढली. कापड खिडकीच्या उजेडात ताणून फारूकभाईंनी फोटो घेतला. खांद्याचं पिनेचं भोक मी कॉम्प्युटरवर बुजवलं. चेहऱ्याला हात लावला नाही. कापडाची वीण दिसत होती, फोकस मऊ होता. मंडळात तीन मार्कसुद्धा मिळाले नसते. मी सवयीने मागे निळं आकाश लावायला गेले, तर सुमनबाई म्हणाल्या, "राहू द्या नं ते तळं. आन कप पन राहू द्या." हार घालायच्या फोटोत चहाचे कप मी जन्मात पहिल्यांदा ठेवले. फ्रेम पदरात गुंडाळून त्या एसटीला गेल्या. फारूकभाई स्टँडपर्यंत पोचवायला गेले.

संध्याकाळी मी माझा फोटो शोधला. लग्नाचा अल्बम आणि मतदार कार्ड, एवढंच. घरात आयुष्यभर कॅमेरा, आणि ही गत. मला भीती वाटली, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी फारूकभाईंना बोलावून एक काढून घेतला. डोळे मिटलेत त्यात. तरी ठेवलाय.

तो कॅनव्हास पुन्हा दुमडू द्यायला फारूकभाईंनी नकार दिला. आता तो उजवी कड मोकळी सोडूनच लावलाय, पिनांच्या भोकांसकट. मंडळाच्या पुढच्या रविवारी एक नवा मेंबर आला होता, तरुण दातांचा डॉक्टर. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "सर, उजवा कोपरा क्रॉप केला असता तर..."

"वो अपना आदमी है," फारूकभाई म्हणाले. "मार्क द्याचे तं द्या, नाई तं नका देऊ. कापाचं नाई."

देशकर साहेबांनी पुढचा फोटो लावायला सांगितलं. मंडळी गेली. कप मी विसळले.

आता कॅनव्हासची ऑर्डर आली की मी गिऱ्हाइकाला आधी सांगते, मागे काय काय दुमडलं जाणार आहे ते एकदा नीट बघून घ्या. लोक वैतागतात. म्हणतात, "बाई, मागचं कोण पाहते?" मी म्हणते, तरी बघा.