अक्काची बाग वरून कशी दिसते

लिफ्टमामांचं अर्धं आयुष्य अंधारात गेलं. इमारतीच्या पोटात लिफ्टसाठी जी पोकळी असते, तिच्या तळाशी उभं राहायचं, केबल तपासायच्या, जुनं ग्रीस पुसायचं आणि घरी आल्यावर शर्टावरून बायकोची बोलणी खायची. त्याचाच परिणाम असेल, पण पन्नाशी उलटल्यावर त्यांना उघड्या आभाळाचं वेड लागलं आणि त्यांनी एक छोटा ड्रोन घेतला. "एवढंच राहिलं होतं," मामी म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुन्या उशीच्या अभ्र्याची, आत कापूस घातलेली पिशवी त्याच्यासाठी शिवून दिली.

अडचण एकच. घर मोठ्या विमानतळाला अगदी खेटून. विमान उतरायला लागलं की बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबायचा आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करायचा. अशा जागी परवानगीशिवाय काहीही उडवायला मनाई. म्हणून मामा सुट्टीच्या दिवशी बस बदलत दूरच्या माळावर जायचे. त्यांनी ड्रोन उडवण्याची रीतसर परीक्षा दिली होती, ड्रोनवर नोंदणीचा नंबर चिकटवला होता. शेजारी हसायचे. गच्चीवरून उडवा की, कोण बघतंय, म्हणायचे. मामांचं उत्तर ठरलेलं असे. "मेन स्विच बंद करून पाटी लावल्याशिवाय मी कधी केबलला हात लावला नाही. म्हणून तर दहाही बोटं जागेवर आहेत."

मामांना वाढवलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. आई गेली तेव्हा अक्का स्वतःच शाळेत होती. शिक्षण सोडून तिनं सरकारी बागेत माळीकाम धरलं आणि धाकट्याला तंत्रशाळेत घातलं. त्या वेळी बाग नावालाच होती. विमानतळाच्या कुंपणापलीकडचा नुसता उकिरडा. अक्कानं मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि दोरी ताणून फिरत फिरत जमिनीवर गोल आखले, एकाबाहेर एक. त्यांवर झुडपं लावली. विमानांमुळे उंच झाडं चालत नसत, म्हणून सगळं बुटकंच. निवृत्त झाली तरी ती तिथे जायची. पुढे कंबरेनं दगा दिला आणि चाकाची खुर्ची आली, तेव्हा मामा तिला ढकलत न्यायला लागले.

एकदा डोक्यावरून विमान गेलं, तेव्हा अक्का सहज बोलून गेली, "वरच्या लोकांना माझी बाग दिसत असेल नाही? मी काही कधी विमानात बसायची नाही. मला मेलीला स्टुलावर चढलं तरी गरगरतं."

एवढ्यावर विषय संपला. पण मामांच्या डोक्यातून तो जाईना. त्यांनी बागेवर ड्रोन उडवण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. त्यांनी विमानांच्या भर गर्दीची वेळ मागितली होती आणि उंचीही जास्त. मामा रुसून बसले नाहीत. चूक आपलीच म्हणाले आणि पुन्हा अर्ज केला: सकाळची शांत वेळ, झाडांच्या थोडंच वर, बागेच्या कुंपणाच्या आतच. या वेळी विमानतळाच्या टॉवरमधून एका बाईंचा फोन आला. त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "पण त्या बागेत बघायचं काय आहे?"

"माझ्या बहिणीनं केलीय ती. तिनं वरून कधी पाहिली नाही."

मग बाईंनी अट सांगितली. फोन चालू ठेवायचा आणि त्या म्हणतील त्या क्षणी ड्रोन खाली, मग काहीही असो.

ठरल्या सकाळी तिघं बागेत गेले. टॉवरचा फोन स्पीकरवर, मामींच्या हातात, टॅब अक्काच्या मांडीवर. ड्रोनला दिसेल ते तिला दिसणार होतं. मामांना मात्र पडद्याकडे बघायची सोय नव्हती. उडवणाऱ्याची नजर ड्रोनवरच हवी. त्यामुळे बहिणीला काय दिसतंय ते त्यांना फक्त ऐकूनच कळणार होतं.

ड्रोन वर गेला. "फाटक दिसलं," अक्का म्हणाली. "हा नळ. अगं बाई, हे आपण!" तो गोलांकडे वळतोय तोच फोनमधून आवाज आला. रुग्णाला घेऊन हेलिकॉप्टर येतंय, ताबडतोब खाली या.

मामांनी लगेच ड्रोन उतरवला. पंखे थांबेपर्यंत आभाळात घरघर सुरू झाली आणि हेलिकॉप्टर बागेवरून पलीकडे गेलं. आत कोण होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. आता सगळं बोंबललं, असं मामींच्या तोंडावर आलं होतं. पण अक्का हेलिकॉप्टरच्या दिशेनं हात जोडून बसलेली पाहून त्यांनी ते शब्द गिळले.

थोड्या वेळानं बाईंचा आवाज आला. "चटकन उतरवलंत, आभार. आभाळ मोकळं आहे. राहिलेलं दाखवा त्यांना."

मामांनी ड्रोन पुन्हा वर नेला. या वेळी बराच वेळ अक्काचा आवाजच नाही. मामांना मान वळवता येईना. आणि मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अरे, गोल कुठले? हा तर भोपळा आहे! दोरी सैल पडली असणार. इतकी वर्षं वरून इतकी माणसं गेली, एकानंही सांगितलं नाही मला."

फोनमधल्या बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "ताईंना सांगा, आमच्या खिडकीतून तो हिरवा तुकडा दिसतो. पडद्याकडे बघून डोळे शिणले की आम्ही सगळे तिकडेच बघतो. कोणी केलाय ते आज कळलं."

मामींनी निरोप सांगायची गरज नव्हती. अक्कानं ऐकलं होतं. तिनं पदर सारखा केला, जणू समोर पाहुणे आलेत, आणि टॉवरच्या दिशेनं बघत राहिली.

ड्रोन उतरल्यावर मामा तिच्या खुर्चीपाशी उकिडवे बसले. म्हणाले, "अक्का, मला शाळेत घातलंस ना, म्हणून हे जमलं."

"शाळेत तू गेलास," ती म्हणाली. "मी नुसतं ढकललं." आणि तिनं त्यांचा हात थोपटला. "चल, आता घरी ने. भूक लागलीय."