कड्याखालनं आलेला कुकारा

मी सांगतेय, नात मोबाइलवर लिवतेय. आधीच सांगते, भुताखेतावर माझा इस्वास नाय... तवाही नव्हता. नवऱ्याला साप डसला तवा भगतानं कोंबडं खाल्लं, आनि नवरा गेलाच. तवापासनं भगताला उंबऱ्याच्या आत घेतला नाय.

आमची वाडी मुरबाडच्या वर, डोंगरात, अभयारण्याच्या हद्दीला लागून. श्रावणात आमी बाया धबधब्याकडं अळंब्या काढायला जायचो, मुरबाडात नेऊन विकायच्या. रानात नाव घेऊन हाक मारायची नाय, रानाला नाव कळू द्यायचं नाय – अशी रीत. नुसता कुकारा द्यायचा, कू करून. ज्याचा त्याचा येगळा. माझ्या नवऱ्याचा एक लांब, एक तुटका. मोळी घेऊन उतरताना द्यायचा. म्हंजे, निघालो, भात टाक.

तो गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात मी नि सुमी, माझी आठ वर्सांची पोर, वर गेलो. भर दुपारी धुई उतरली, हातभर पुढचं दिसेना. मी अळंब्यांना वाकले, उठून बघते तर सुमी नाय. धबधब्याच्या आवाजात माझा कुकारा मलाच ऐकू येईना. मंग रीत मोडली. नाव घेऊन बोंबलले, "सुमे... सुमे गो..."

तवा कुकारा आला. एक लांब, एक तुटका.

मेलेल्याला ओ दिली तर तो घेऊन जातो म्हनतात. मी दिली. म्हनले, "पोर कुठंय ते सांग आधी, मंग मला ने."

आवाजाच्या मागं गेले. सुमी पार कड्यावर उभी, पुढं नुसती धुई. पुन्हा कुकारा – तिच्या समोरनं, खालनं, जिथं जमीनच नाय. झग्याला धरून मागं ओढली. वळून मला म्हनते, "आई, बाबा भात टाक म्हनतोय."

सुमीनं वाडीभर सांगितलं. सांजेला भगत कुडाबाहेरनं म्हनला, "तू रानात नाव फोडलंस. तो पोरीला न्यायला आलता. ओ दिलीस, आता तू म्हसा गावची जत्रा बघाया जगत नाय."

"पोरीला न्यायचं व्हतं तर मला कशाला बोलावलं रे?"

 पौषात जत्रेला गेले, घोंगडी घेतली. अजून तीच पांघरते.

वनखात्याचा गार्ड म्हनायचा, "मावशे, भेकर ओरडलं असंल." जन्म रानात गेला माझा. आनि हा मला भेकर शिकवतो.

कोन व्हता, न्यायला आलता का राखायला, मला अजून म्हाईत नाय. त्या सांजेला भगत जाता जाता म्हनला, आज चूल पेटवू नको, तो जेवायला येईल.

पेटवली. भात टाकला... एक मूठ जास्तीचा.