टेबलावरची घंटी

मी व्हरांड्यात होते आणि वर्ग आत होता. मध्ये खिडकी. खिडकीचे गज धरून मी बाष्पीभवन शिकवत होते.

बी.एड.चं पहिलं वर्ष. आमच्या कॉलेजात सरावाचे पाठ आधी एकमेकींसमोर घ्यायचे असत. वर्गातल्याच मुली सहावीच्या विद्यार्थिनी होऊन बसायच्या, खोट्या खोट्या शंका विचारायच्या, आणि मागे बसून बेन, म्हणजे आमच्या मार्गदर्शक प्राध्यापिका, बघायच्या. माझा पहिलाच पाठ. फळ्यावर तारीख लिहिली, वळले, पहिलं वाक्य बोलले. बेननी दोन्ही कानांवर हात ठेवले. सावकाश, सगळ्यांना दिसतील असे.

"आ खातुं नथी, कॉलेज छे," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बोट. "बहार ऊभी रहीने भणाव."

खातं म्हणजे आमच्या सुरतेत लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. हा कारखाना नाही, कॉलेज आहे. बाहेर उभी राहून शिकव. मला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. खडू घेऊन मी बाहेर गेले आणि पुस्तकात होता तेवढा सगळा पाठ खिडकीतून घेतला. शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचला, हे मी आजही छाती काढून सांगते. तो खाली पार्किंगमध्येही पोचला, कारण पाण्याची वाफ होते म्हणजे नेमकं काय होतं ते ऐकायला वॉचमनकाका जिना चढून वर आले आणि माझ्या शेजारी हात बांधून उभे राहिले. आत मुली हसून लोळत होत्या. मीही काही कमी नाही. पाठ संपल्यावर मी खिडकीतून कमरेत वाकून नमस्कार केला, नाटक संपल्यावर करतात तसा. टाळ्या पडल्या.

त्या वेळी तुम्हाला काय वाटलं, असं लोक विचारतात. काही नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जागेवर असतो, पण आपला नसतो. तसं. ती गुंगी पुढे वर्षभर उतरली नाही.

आता माझा एवढा आवाज आला कुठून, ते सांगते.

आईबाप शिरपूरकडचे. दादा, म्हणजे वडील, लूमवर, माय बॉबिन भरायच्या मशीनवर. सुरतेबाहेर कडोदऱ्याला खात्याच्या भिंतीला लागून ओळीने खोल्या होत्या, त्यातली एक आमची. भिंतीपलीकडे लूम. दिवसपाळी संपली की रातपाळी, लूम थांबायचे नाहीत. खिळ्याला टांगलेला आरसा कायम थरथरायचा. मी मोठी होईपर्यंत माझा चेहरा मला स्थिर असा कधी दिसलाच नाही. अशा घरात हळू बोलायचं नसतं. हळू बोललेलं पोचतच नाही. भांडण आणि लाड एकाच पट्टीत. जेवायला बोलावतायत की आग लागलीय, ते चेहऱ्यावरून ओळखायचं.

आवाज पुरला नाही की हात. लूमवाल्यांची हातांची एक बोली असते. दोन मुठी जवळ आणून झटकन लांब केल्या, म्हणजे धागा तुटला, मशीन बंद. तळहात धोट्यासारखा इकडून तिकडे फिरवला, म्हणजे चालू आहे, ठीक आहे. पोटावरून गोल हात फिरवला, म्हणजे शेठ आला. ही शेवटची खूण मी सगळ्यांत आधी शिकले.

मायचे कान त्या मशीनने हळूहळू खाल्ले. शेजारणींचं बोलणं तिला ऐकू येईना. दादांचं अर्धंमुर्धं येई. माझं पुरतं येई.

"मनी आंडेर बोलस ते माले आयकू येस," ती सगळ्या खोल्यांना सांगत फिरायची. माझी लेक बोलते ते मला ऐकू येतं. घरात मी स्वयंपाकाला फारशी कामाची नव्हते, शिवणाला तर नव्हतेच. माझा आवाज मात्र कामाचा होता.

कॉलेज सकाळी सातचं. कडोदऱ्याहून रोज पोचणं जमणारं नव्हतं, म्हणून हॉस्टेल. पहिल्या खोलीत आम्ही तिघी. मला झोप येईना. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पंख्याची कुरकुर कुठे सापडते का, ते शोधत पडून राहायचे. बाकी दोघींना माझ्या फोनचा त्रास. मायला रोज फोन, आणि मायला फोन म्हणजे तिन्ही मजल्यांना फोन. आमच्याकडे आज कुठली भाजी झाली, हे मेसच्या स्वयंपाकी महाराजालाही कळायचं. त्या दोघींनी रेक्टरबेनकडे तक्रार केली. त्यांचं चुकलं, असं मी म्हणत नाही. रेक्टरबेननी मला तळमजल्यावरची टोकाची खोली दिली. एका भिंतीला पाण्याची मोटर, दुसऱ्या भिंतीला जनरेटर. आधी तिथे मोडक्या खाटा ठेवत.

"तने शुं फेर पडे?" असं म्हणत त्यांनी किल्ली हातावर ठेवली. तुला काय फरक पडतो.

आणि खरंच, गंमत बघा, मी तिथे ढाराढूर झोपले. मोटर सुरू झाली की माझा डोळा लागायचा. शिक्षेच्या खोलीत सगळ्या हॉस्टेलातली गाढ झोप. हा किस्सा मी वर्षानुवर्षं रंगवून सांगत आलेय, मोटरचा आवाज तोंडाने काढून. लोक पोट धरून हसतात. त्यात एक वाक्य मी गाळते. त्या खोलीत माझ्याकडे कधी कुणी आलं नाही.

वर्गात माझी सुधारणा चालू झाली. बेननी सांगितलं, आवाज मापात आल्याशिवाय तुला शाळेत पाठ घ्यायला पाठवणार नाही. आणि शाळेतले पाठ झाल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. बेन वाईट असत्या तर लिहायला सोपं गेलं असतं. त्या वाईट नव्हत्या. मला जवळ बसवून समजावायच्या: चांगल्या शाळेत मुलाखतीला गेलीस, की तोंड उघडल्याबरोबर कळतं तू कुठल्या वस्तीतून आलीस. ते कळता कामा नये. तुझ्या भल्यासाठीच सांगते.

माझ्या भल्यासाठी त्यांनी ऑफिसातली टेबलावरची घंटी मागवली, शिपायाला बोलावतात ती, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे ठेवली. माझा आवाज चढला, की तिने दाबायची. टिंग. मी थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून, हळू. त्या मुलीच्या वडिलांचे पांडेसऱ्याला लूम होते. ती स्वतः आत कधी गेली नव्हती. पप्पा म्हणतात, तिथे डोकं दुखतं, असं तिनेच मला सांगितलं होतं. मुलगी मनाने बरी होती. तिच्या बोटाला मात्र त्या घंटीचा फार आनंद व्हायचा.

माझे हात फार उडतात, हेही बेनच्या लक्षात आलं. मग डस्टर दोन्ही हातांनी पाठीमागे धरून शिकवायचं ठरलं. तोंडही फार उघडायचं नाही. हात मागे, ओठ अर्धे, पुढ्यात घंटी. मी मुलींना हसवायला मध्येच सर्कशीतल्या हत्तिणीसारखा एक पाय उचलून उभी राहायचे. हशा. टिंग.

दिवाळीपर्यंत आवाज खाली आला. एकटा आला नाही. आधी मोठ्याने हसणं गेलं, मग पाय उचलून हसवणं गेलं. मेसमध्ये आमटी अळणी असली, तर मीठ मागायचे नाही, तशीच जेवायचे. काही दुखत नव्हतं. बेन म्हणाल्या, आता कशी शिक्षिका वाटतेस. मी मान हलवली.

दिवाळीला घरी गेले. मायसमोर बसून कॉलेजचं सगळं सांगितलं, नव्या आवाजात. ती माझ्या ओठांकडे बघत होती. ओठ फारसे हलत नव्हते. माझ्या हातांकडे बघितलं. ते मांडीत होते. ती हसली आणि उठून चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी बघते तर माय लसूण घालून तेल कोमट करतेय आणि कापसाच्या बोळ्याने कानात सोडतेय. एक कान झाला, दुसरा झाला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मना कान पुरा गयात का वं?"

माझे कान पुरते गेले का गं.

मला ओरडून सांगायचं होतं की नाही, कान आहेत. तोंड उघडलं. टिंग. खरंच ऐकू आली. कडोदऱ्याला, एवढ्या लूमच्या धडधडाटात, ती एवढीशी घंटी. मी तोंड मिटलं. काही वाटलं नाही. तेल मात्र मी पुसून घेतलं, तिच्या मानेवर ओघळलं होतं ते.

सुट्टी संपल्यावर कॉलेजात पालकांचा मेळावा झाला. कॉलेज मुली कशा घडवतं, ते दाखवायचं होतं. बेनना माझा नमुना दाखवायचा होता. आधी जुनी तू, मग नवी तू, असं त्यांनी मला हौसेने सांगितलं. स्टेजवर फळा, टेबल, टेबलावर घंटी. घंटीजवळ तीच मुलगी. तिचे वडील पहिल्या रांगेत. माझी माय शेवटच्या रांगेत. तिला कुणी मागे बसवलं नव्हतं. ती कुठेही गेली की आपणहून शेवटच्या रांगेत बसते. दादांना पाळी सोडता आली नव्हती.

आधी जुनी. मी गळा मोकळा सोडला. समुद्राचं पाणी तापतं, त्याची वाफ होते. हॉल दचकला, मग हसला. तिकडे मागे माय ताठ झाली. शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं, माझ्याकडे बोट दाखवलं. मग हात वर करून तळहात इकडून तिकडे. चालू आहे. लोक हसत होते, ते तिला दिसलं. मी काहीतरी विनोद केला असणार, असं समजून तीही हसली. सगळ्यांच्या बरोबर. सगळ्यांपेक्षा जास्त.

टिंग. आता नवी.

डस्टर पाठीमागे. ओठ अर्धे. तेच पाणी, तीच वाफ. लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेतल्या शेठनी बेनकडे बघून वा वा अशी मान हलवली. माय पुढे झुकली. कानामागे हात नेला. मग दुसऱ्या कानामागे. शेजारच्या बाईकडे बघितलं. ती बाई आरामात ऐकत होती. मग माय उठून उभी राहिली, सगळ्या हॉलच्या मागे, एकटी. दोन्ही मुठी छातीजवळ आणल्या आणि झटकन लांब केल्या. पुन्हा केल्या.

धागा तुटला का? मशीन बंद पडलं का?

एवढ्या लोकांत ते मला एकटीला कळलं.

मला रडू आलं नाही. गालातली गुंगीही उतरली नाही. फक्त समोरचं स्वच्छ दिसलं. लूम पहिल्या रांगेचे. लूमचा आवाज शेवटच्या रांगेच्या कानांत आणि माझ्या गळ्यात. आणि डोकं दुखतं पहिल्या रांगेचं. म्हणून घंटी माझ्यासमोर.

मी डस्टर खाली ठेवलं. त्या मुलीच्या बोटाखालून घंटी उचलली आणि टेबलावर उलटी केली. उलटी घंटी वाजत नाही, हे मला तोपर्यंत सुचलं कसं नव्हतं, कोण जाणे.

"माय, आयकू येस का?"

मायने उभ्या उभ्याच तळहात फिरवला. इकडून तिकडे. चालू आहे.

मग मी तो पाठ पहिल्यापासून घेतला. दोन्ही हातांनी. समुद्र केला, ऊन केलं, ढग केले, शेवटच्या रांगेपर्यंत पाऊस पाडला. बेन मध्येच पुरे म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या. मी ढगांपर्यंत आले होते, थांबले नाही. शेठनी कानात बोट घातलं. दारात वॉचमनकाका येऊन उभे होते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बेननी केबिनमध्ये बोलावलं. वर्गासमोर माफी मागायची, शिकवलेल्या आवाजात. मग मला शाळेत पाठवतील, वर्ष वाचेल. त्यांचे डोळे सुजलेले होते. रात्री रडल्या असाव्यात.

"माफी मागी ले, वात पूरी," त्या म्हणाल्या. माफी माग, विषय संपला.

मी विचारलं, कशाबद्दल. त्या म्हणाल्या, आवाजाबद्दल.

"ए अवाज मारी मा सांभळे छे," मी म्हणाले. तो आवाज माझी आई ऐकते. "माफी नहीं मागुं." बाहेर क्लार्कने मान वर केली, एवढ्या आवाजात म्हणाले.

वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मी तेच पुन्हा केलं, दुसऱ्या बेनकडे, त्याच मोटरच्या खोलीत राहून. पास झाले. चांगल्या शाळांनी घेतलं नाही. त्याबाबतीत बेन बरोबर होत्या. काही वर्षांनी मायचे कान पुरते गेले. आता माझाही आवाज तिला पोचत नाही. आम्ही हातांनी बोलतो.

मी बमरोलीच्या शाळेत शिकवते. वर्गाच्या मागच्या भिंतीपलीकडे लूम आहेत. मागच्या बाकावरच्या मुली त्या भिंतीला टेकून बसतात. तपासणीला येणारे साहेब पुढे खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात, आवाज जरा कमी ठेवा. मी त्यांना सांगते, तुम्ही मागे जाऊन बसा. अजून कुणी गेलेलं नाही.

कुणी मागे जाईपर्यंत आवाज एवढाच राहील. गेल्यावरही एवढाच.