कानबाई उतरली ते दार

आमच्या घराण्याची कानबाई मी धुळ्यातल्या वेश्यांच्या आळीत नेऊन उतरवली. श्रावणातल्या तिच्या सणासाठी देवीचा तो पिढीजात नारळ धुळ्याच्या चुलतभावाकडून अमळनेरला घरी आणायचा होता. जमिनीला टेकवायचा नाही, एवढंच पथ्य. "सोबत कशाला? मी काय कुकुलं बाळ आहे?" असं तोऱ्यात म्हणून एकटाच निघालो आणि गाडीअड्डा शोधता शोधता हिवतापाने दात वाजू लागले. एका दारापुढे सडा-रांगोळी दिसली. घर सोज्वळ आहे असा निवाडा देऊन मी तिथल्या बाईच्या हाती देवी सोपवली, "अक्का, पाटावर ठेवा" म्हणालो आणि ओट्यावर आडवा झालो.

शुद्ध आली तेव्हा ऊन कललं होतं. आत धुतलेल्या पाटावर, गव्हाच्या राशीवर नारळ होता. बाई माझ्या कपाळावरची पट्टी बदलत होती. तेवढ्यात कानात अत्तराचा फाया घातलेला एक गृहस्थ आला. त्याला ती म्हणाली, "आज नही. घरमा कानबाई शे." आतून मालकीण कडाडली, "कानबाई तुले पोसस का?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पळून जावंसं वाटलं, पण पायांत त्राण नव्हतं. देवीने धरून बसवलं, असं मी आज म्हणतो. तेव्हा नुसता घामाघूम झालो होतो.

जीभ मात्र धड होती. "तुम्ही इथे कशा?" असं विचारून बसलो. पेरणीची हकीकत सांगावी तशी तिने सांगितली. शिंदखेड्याकडची शेतकऱ्याची लेक. नवरा प्लेगात गेला, पोटात पोर. दिराने शेत दाबलं. भावाने सुगीपुरती ठेवली; सुगी सरली तशी ती भावजयीला जड झाली. मग अमळनेरच्या जिन-कारखान्यात कापूस निवडू लागली. तिथला मुकादम चांगलं काम देतो म्हणून धुळ्याला घेऊन आला आणि इथे सोडून गेला.

"पळाला नाहीत?"

"पळीसन कोठे जाऊ, भाऊ?"

तिशीही नसेल, पण खोकल्याने वाकली होती. कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत. हिला तर कुणी भाऊबंदांत धरतच नव्हतं.

मग तिने मागच्या खोलीतून नऊ-दहा वर्षांची मुलगी आणली. "मालकीन म्हनस, दिवाळीनंतर हिले बैठकमा बसाडू. तुम्हीन माले अक्का म्हनं ना? मंग हिले ली जा."

तापात सहज निघून गेलेला शब्द असा दारात उभा राहिला. घरी काय थापा माराव्यात हेच मी जुळवत होतो. तिने तोवर गाडी ठरवलीसुद्धा. मालकीण न्हाणीत गेल्याबरोबर नारळ माझ्या हाती दिला, पोरीला मागच्या दाराने माझ्याशेजारी गाडीत बसवलं आणि रडं ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात गूळ कोंबला. स्वतः गाडी वळेपर्यंतही थांबली नाही.

घरी आत्यापुढे माझी एकही थाप टिकली नाही. सगळं ऐकून तिने रोट मोडला आणि पोरीच्या हातावर ठेवला. माझे डोळे भरून आले. म्हणालो, "आत्या, मला वाटलं मी देवीला नेतोय. तिनेच मला नेलं गं. आपण फक्त तिच्यावर भार टाकावा, बाकी सगळं तीच पाहते."

आत्याने पोरीच्या तोंडावरून पदर फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोरले लई उना, चांगलं करं. पन तिनी मायले कोनावर सोडी उना रे, येडा?"