जागा नाही गं, आई

मंडणगडच्या एसटी स्टँडवर आईने माझ्यासाठी जागा धरली, ती छत्रीने. बोरिवलीची गाडी लागली तशी माणसं दारावर तुटून पडली. मला बॅगेपाशी उभं करून आई गाडीच्या कडेने धावली आणि तिने आपली लांब दांड्याची काळी छत्री खिडकीतून एका सीटवर टाकली. मी धक्के खात आत पोचले तोवर एक गृहस्थ ती छत्री बाजूला सारून बसले होते. आईने खालून आवाज चढवला, "छत्री माझी हाय. पोरगी बसनार हाय तिथं." ते मुकाट्याने उठले. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती आणि मला आईची लाज वाटली. मग गाडी सुटली, आणि छत्री माझ्यासोबतच निघाली. भर मे महिना होता. आई पदर डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालत गेली असणार.

याला चौदा वर्षं झाली. तुम्ही गावात राहिलात त्यांनी, आणि माझ्यासारखे निघून आलात त्यांनीही, हे वाचून मला काय म्हणायचं ते म्हणा. मी लिहून मोकळी होतेय.

पहिली सात वर्षं बोरिवलीच्या पुढे गोडदेवला तिघी मुली एका खोलीत राहिलो. कूस बदलायची तर तिघींचा होकार लागायचा. पुढे भाड्याच्या आणखी दोन खोल्या झाल्या. मग गेल्या वर्षी तिथेच जवळ पेणकरपाड्यात मी जागा घेतली. इकडे जागा घेतली म्हणजे फ्लॅट घेतला. गावाकडे त्याच शब्दाने जमीन कळते. हॉल, किचन आणि दोन बेडरूम. दुसऱ्या बेडरूममध्ये इस्त्रीचं टेबल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड, बाकी काही नाही. पेढे मी ऑफिसात वाटले, सोसायटीच्या वॉचमनला दिले. आईला मात्र सांगितलं की खोली बदलली, ही आधीच्यापेक्षाही लहान आहे.

कारण बाबा गेल्यापासून आई गावी एकटी होती आणि तिला माझ्याकडे यायचं होतं. मी वाईट मुलगी नाही, निदान तेव्हा तसं समजत नव्हते. पण अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा मी दार लावून एकटी बसू शकत होते. आई आली की लग्नाचं निघणार, शेजाऱ्यांशी ओळखी निघणार, तिचं मोठ्याने बोलणं जिन्यात ऐकू जाणार. म्हणून रोज सकाळी तिने विचारलं की मी म्हणायचे, "जागा नाही गं, आई."

हे मी म्हणायचे ते गाडीत. आमच्या ठाण्याच्या ऑफिसने कारपूल सुरू केलं होतं. ॲपवर घर आणि वेळ टाकायची, जवळचा गाडीवाला सहकारी तुम्हाला गेटवरून उचलतो. रोज संध्याकाळी ॲप विचारतं, उद्या जागा हवी? मी लगेच हो दाबायचे. माझ्या वाट्याला आले ॲडमिनमधले इनास सर. मूळ इथल्याच किनाऱ्यावरच्या उत्तनचे, पन्नाशीचे, आरशाला जपमाळ लटकवलेली. मागे माझ्या शेजारी अकाउंट्समधली हेतल. हेतल गुजराती, सर ख्रिश्चन, म्हणून पहिल्या दिवशी मी हिंदीत सुरुवात केली आणि गाडीची भाषा हिंदी झाली ती झालीच. गाडी काशिमीऱ्याला आली की बरोबर आईचा फोन यायचा. आपली मराठी इथे कुणाला कळतेय, या भरवशावर मी घरात बोलावं तशी बोलायचे.

एकदा आईला म्हटलं, गाडीवाला जरा चिकट आहे, एसी लावत नाही. दुसऱ्या दिवशी एसी चालू. मला वाटलं, उकडत असेल त्यांनाही. पुढे कधीतरी म्हटलं, हॉर्न वाजवून डोकं उठवतो. त्यानंतर हॉर्न बंद. तरी माझी ट्यूब पेटली नाही. शिकलेल्या माणसाने इतकं मठ्ठ असू नये.

मग ती सकाळ आली. हेतल रजेवर होती, म्हणून मी पुढे बसले होते. आई फोनवर म्हणाली, एका कोपऱ्यात पडून राहीन, दोन महिनेच येते. मी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवला. चेण्याजवळ ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली. इनास सर समोर बघत शांतपणे म्हणाले, "आयेला रोज खोटं कशाला सांगतेस? जागा हाय ना तुझ्याकडं."

मला आधी वाटलं, रेडिओ लागलाय. आठ महिने. आठ महिने हा माणूस सगळं ऐकत होता, आणि पेढेही त्याने खाल्ले होते. तोंडातून एवढंच निघालं, "सर, तुम्हाला मराठी येते?"

"आमच्या घरात दुसरं काय बोलतात?" ते म्हणाले. "तू पहिल्या दिवशी हिंदी काढलीस. मला वाटलं, तुला तसंच बरं वाटत असेल."

कोकणातून आले मी, आणि उत्तनच्या माणसाला नाव ऐकून परका ठरवला, ही लाज वेगळीच. पण त्याहून मोठा धक्का माझ्याच वाक्याचा होता. ते मला पहिल्यांदा बाहेरून ऐकू आलं. त्या संध्याकाळी ॲपवर मी नको दाबलं. दोन दिवस बसने उभ्याने गेले. कोणीतरी पुढच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरली होती आणि मला त्या रुमालाकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन यायच्या आधी मीच केला. म्हटलं, आई, ये. जागा आहे.

ती म्हणाली, "कोण उठलं?"

एसटीत कुणी उठलं की जागा होते, तेवढाच अर्थ असेल तिचा. किंवा तिला आधीपासून सगळं ठाऊक असेल. मी विचारलं नाही. मला रडू आलं आणि ते मी तिला ऐकू दिलं.

आई आली त्याला आता महिना झाला. इस्त्रीचं टेबल हॉलमध्ये आलंय. लग्नाचं निघालंच, आणि तिचं बोलणं जिन्यात ऐकू जातं. मला अधूनमधून चिडायला होतं, ते खोटं कशाला सांगू. मी परत कारपूलला जाऊ लागले. सरांना सॉरी म्हटलं, तर त्यांनी एसी वाढवला. हेतलसाठी गाडीत हिंदीच चालते, पण मला उतरवताना सर मराठीत बोलतात.

घर कुठे, असं कुणी विचारलं की मी मंडणगड सांगायचे आणि गेल्या वर्षापासून मनात पेणकरपाडा असायचं. दोन्ही अर्धवट होतं. परवा आई मला सोडायला गेटपर्यंत उतरली. हातात तीच छत्री, चौदा वर्षं माझ्यासोबत खोल्या बदलत कपाटामागे पडलेली. तिने येताच शोधून काढली. गाडी आली. मी लॅपटॉपची बॅग सावरतेय तोवर तिने मागच्या उघड्या खिडकीतून छत्री आत टाकली.

सर मागे वळून म्हणाले, "आये, जागा हाय. कोन घेत न्हाय तिची."

"असूंदे," आई म्हणाली. "धरलेली बरी."